डायलिसिसवरील रुग्णाचे अन्न आणि हृदयाची शस्त्रक्रिया

(महाजनांच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून आजवर आपण देवस्थानाचा इतिहास, आपल्या कुळांची स्थलांतरे, कीर्तनपरंपरा, नाट्यसंगीत अशा विषयांवरील व्याख्याने ऐकलेली आहेत. त्या मालिकेत माझा विषय काहीसा विजोड वाटेल याची मला जाणीव आहे. परंतु समितीने मजकडे विषय मागितला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आपलीच घरे उभी राहिली. आज आपल्यापैकी कित्येक घरांतील कोणी ना कोणी आठवड्यातून दोनदा वा तीनदा इस्पितळात यंत्राला जोडले जाते. नावे घेण्याचे कारण नाही. आपण सारे एकमेकांस ओळखतो. त्यांतील काहींना हृदयाची शस्त्रक्रिया करून घ्या असे डॉक्टरांनी सांगितले आहे आणि घरची मंडळी 'करावी की न करावी' या विवंचनेत आहेत. या विवंचनेत स्वयंपाकघराचा वाटा किती मोठा आहे, हे सांगावे एवढाच माझा हेतू.

मी डॉक्टर नव्हे. सरकारी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेला मनुष्य. जे सांगणार आहे ते वाचून, डॉक्टरांना व आहारतज्ज्ञांना पुनःपुन्हा विचारून आणि माझ्या थोरल्या बंधूंच्या, म्हणजे दादांच्या, आजारपणात जवळून पाहून जमविलेले आहे. औषधाची मात्रा आणि पथ्याचे माप ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते, ही गोष्ट आरंभीच नोंदवून ठेवतो.

निरोगी मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील जवळजवळ सारा परत रक्तात घेतात. आठवड्याचे १६८ तास हे काम अखंड चालते. डायलिसिसचे यंत्र तेच काम आठवड्यातून तीन वेळा चार-चार तास, म्हणजे १२ तासांत करू पाहते. राहिलेल्या १५६ तासांत जे पाणी, जे क्षार आणि जी मळी साठते तिचा सारा भार शरीराने, त्यातही हृदयाने वाहावयाचा असतो. हे गणित ध्यानात ठेवले तर पुढचे पुष्कळसे आपोआप उलगडेल.

या यंत्राचा इतिहास मनोरंजक आहे. हॉलंडमधील कांपेन या लहान गावी, दुसऱ्या महायुद्धात देश जर्मनांच्या ताब्यात असताना, विलेम कोल्फ या तरुण डॉक्टराने १९४३ साली सॉसेजला आवरण म्हणून वापरतात त्या सेलोफेनच्या नळ्या लाकडी पिंपाभोवती गुंडाळून पहिले यंत्र बनविले. त्याचे पहिले बहुतेक रुग्ण दगावले. १९४५ साली ६७ वर्षांची एक बाई शुद्धीवर आली आणि उपचार सार्थ ठरला. तरीही तो काही दिवसांपुरता होता, कारण दर खेपेस नवी रक्तवाहिनी कापावी लागे. १९६० साली अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे बेल्डिंग स्क्रिबनर यांनी टेफ्लॉनची नळी हातात कायम बसविण्याची युक्ती काढली आणि वर्षानुवर्षे डायलिसिस चालू शकले. पुढे १९६६ साली न्यूयॉर्कच्या ब्रेशिया आणि सिमिनो यांनी हातातील रोहिणी व नीला एकमेकींस जोडून फिस्च्युला करण्याची रीत प्रसिद्ध केली; तीच आज आपल्या लोकांच्या दंडावर वा मनगटावर हात ठेवला असता घरघरताना जाणवते.

स्क्रिबनर यांचा पहिला रुग्ण क्लाइड शील्ड्स हा विमानाच्या कारखान्यातील यंत्रकारागीर. तो डायलिसिसवर ११ वर्षे जगला आणि १९७१ साली वारला तो हृदयविकाराच्या झटक्याने. मूत्रपिंडाचा रोगी यंत्राने वाचविला आणि हृदयाने नेला. तीन वर्षांनी, १९७४ साली, सिअ‍ॅटलच्याच डॉक्टरांनी आपल्या जुन्या रुग्णांचा हिशेब मांडला तेव्हा अर्ध्याहून अधिक मृत्यूंमागे रोहिण्या कठीण होण्याचा विकार आढळला. आजही डायलिसिसवरील रुग्णांच्या मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या कारणाने होतात. पाण्याच्या भाराने हृदयाचा डावा कप्पा जाड होतो. रक्तातील फॉस्फरस वाढून रोहिण्यांच्या भिंतींत आणि हृदयाच्या झडपांवर चुना साचतो. रक्त कमी असते. आणि ज्या मधुमेहाने वा रक्तदाबाने मूत्रपिंडे गेली त्यानेच हृदयही पोखरलेले असते.

आता अन्नाकडे वळतो. येथे घरोघर एक घोटाळा होतो आणि तो चांगल्या हेतूने होतो. मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात, पण डायलिसिस सुरू झालेले नसते, त्या काळात डॉक्टर प्रथिने कमी करावयास सांगतात: मधुमेह नसलेल्यास वजनाच्या दर किलोमागे ०.५५ ते ०.६० ग्रॅम. डाळ कमी, मासळी कमी, अंडे बंद. घरातील बायका हे पथ्य व्रतासारखे पाळतात. पुढे डायलिसिस सुरू होते. आणि या दिवशी पथ्य उलटे होते. यंत्राच्या प्रत्येक खेपेस रक्तातून सुमारे ६ ते १२ ग्रॅम अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, पाण्याबरोबर वाहून जातात. शिवाय शरीर आपलेच स्नायू झिजवू लागते. म्हणून डायलिसिसवरील माणसास दर किलोमागे १.० ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात; जवळजवळ दुप्पट. ६० किलोच्या माणसास ६० ते ७२ ग्रॅम. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन मार्गदर्शिकेत हेच माप दिलेले आहे. त्याबरोबर दर किलोमागे २५ ते ३५ उष्मांकही पोटात गेले पाहिजेत, नाहीतर खाल्लेली प्रथिने सरपणासारखी जळून जातात.

पण जुना कागद स्वयंपाकघराच्या भिंतीवर तसाच चिकटलेला राहतो. दादांच्या बाबतीत हेच झाले. ज्या इस्पितळात त्यांचे डायलिसिस सुरू झाले तेथे यंत्र चांगले, परिचारिका प्रेमळ. परंतु पथ्याचा नवा कागद कोणी दिला नाही. वहिनी दीड वर्ष त्यांना पेज, दुधी आणि दोन चमचे वरण वाढीत होत्या. दादांचे वजन काट्यावर फारसे कमी दिसत नव्हते, कारण मांस झडत होते आणि त्याच्या जागी पाणी साठत होते. काटा दोहोंत भेद करीत नाही. गळ्यातील हाडे वर आली, अंगठी बोटातून गळू लागली, तेव्हा कुठे शंका आली.

अशी शंका रक्ताच्या तपासणीतूनही घेता येते. आल्ब्युमिन नावाचे प्रथिन रक्तात दर डेसिलिटरमागे साधारण ३.५ ते ५ ग्रॅम असते. १९९० साली लाउरी आणि ल्यू या दोघांनी अमेरिकेतील १२,००० हून अधिक डायलिसिस-रुग्णांच्या नोंदी तपासल्या. कोणाचा मृत्यू ओढवेल हे सांगणाऱ्या रक्तातील आकड्यांत आल्ब्युमिन सर्वांत बोलके निघाले. ते ४ च्या खाली जसजसे उतरत गेले तसतसा धोका वाढत गेला. दुसरी गोष्ट तर आपल्या समजुतीला धक्का देणारी आहे. सामान्य माणसास लठ्ठपणा घातक; पण डायलिसिसवर सडपातळ माणसापेक्षा थोडा अंगाने भरलेला माणूस जास्त जगतो, असे अनेक पाहण्यांत दिसले आहे. म्हणून 'बरे झाले, वजन उतरले' असे अशा रुग्णास कोणी म्हणू नये.

एक सावधगिरी मात्र हवी. आल्ब्युमिन केवळ न खाण्याने उतरत नाही. अंगात कोठे दाह असला, हिरड्या सुजलेल्या असल्या, मानेत बसविलेल्या नळीत जंतू शिरले असले, तरी ते उतरते. अशा वेळी नुसती अंडी चारून उपयोग नाही. दात दाखवावे लागतात, नळीचा निकाल लावावा लागतो. आल्ब्युमिन हा धूर समजावा. जाळ कोठे आहे ते डॉक्टरांनी शोधावयाचे.

आपल्या गोमंतकीय ताटात काय घ्यावे नि काय टाळावे? मासळी हे आपले भाग्य आहे. शंभर ग्रॅम मासळीत १८ ते २० ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने असतात. बांगडा, इसवण, मोरी, जे परवडेल ते ताजे घ्यावे. हुमण बंद करण्याची गरज नाही. तुकड्या दोन घ्याव्या आणि रस थोडा, कारण रसात मीठही आहे आणि पाणीही. अंड्याचा पांढरा भाग तर अशा रुग्णासाठीच निर्माण झाला असावा: एका अंड्यात एकूण ६ ग्रॅम प्रथिने, त्यांतील निम्म्याहून अधिक पांढऱ्यात, आणि फॉस्फरस जवळजवळ सगळा पिवळ्यात. पावसाळ्यात ताजी मासळी दुर्मीळ झाली की आपण सुक्या बांगड्यांकडे आणि खाऱ्याकडे वळतो. ते मात्र नको. कितीही धुतले तरी मीठ राहते, मीठ तहान लावते, तहान पाणी पिवविते, आणि ते पाणी चोवीस तासांत फुप्फुसांशी येऊन उभे राहते.

श्रावणाचा प्रश्न आपल्याकडे मोठा. महिनाभर मासळी नाही, अंडे नाही. मग रुग्णाच्या ताटात भात, भाजी आणि सोलकढी एवढेच उरते. ज्याला श्रावण पाळावयाचा आहे त्याने पाळावा, पण प्रथिनांची भरपाई करून. घट्ट वरणाच्या वाटीत ६-७ ग्रॅम, शंभर ग्रॅम पनिरात सुमारे १८ ग्रॅम, शिवाय मुगाचे धिरडे आहे, बेताचे दही आहे. डाळीत फॉस्फरस असतो हे खरे. पण धान्या-कडधान्यांतील फॉस्फरस निम्म्याहूनही कमी अंगी लागतो, उलट कोलासारख्या पेयांतील आणि डबाबंद पदार्थांत टिकण्यासाठी घातलेला जवळजवळ सारा रक्तात जातो. म्हणून डाळीला घाबरून बाटलीतले पेय देणे म्हणजे उंदराला घाबरून नाग पाळणे. फॉस्फरस बांधणाऱ्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या असतील तर त्या जेवणाच्या घासाबरोबरच घ्यावयाच्या असतात. जेवण झाल्यावर तासाभराने घेतलेली गोळी फुकट. आणि एकादशीचा साबुदाणा हा निव्वळ पिष्ट आहे, प्रथिने त्यात नावापुरतीच. आजाऱ्यास उपवासातून सूट असते हे आपले पुरोहितही सांगतील. त्यांनाच विचारून घ्यावे म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांचे समाधान होते.

पेजेबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दहाची पेज सोडणे हे गोंयकाराला गाव सोडण्याइतके जड. पण पेज हे पाणी आहे, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. 'पाणी फक्त चार पेले प्यालो' असे सांगणाऱ्याने दोन वेळची पेज, चहा, सोलकढी, ताक हे धरलेलेच नसते. मागल्या दिवशी जेवढी लघवी झाली तेवढे अधिक अर्धा ते पाऊण लिटर, इतकेच पाणी बहुतेकांना चालते, आणि त्यात सर्व पातळ पदार्थ आले. उकड्या तांदळाचा भात, पाणी निथळून, वर मासळीची तुकडी, हा पेजेपेक्षा शंभरपटीने बरा.

पोटॅशियमचे भय खरे आहे. ते रक्तात ६.५ च्या वर गेले तर कसलीही सूचना न देता हृदय थांबू शकते. शहाळे आपण आजाऱ्याला मायेने देतो. पण एका शहाळ्यात अर्ध्या ग्रॅमहून अधिक पोटॅशियम असते आणि या रुग्णाची दिवसाची मर्यादाच साधारण २ ते ३ ग्रॅम. केळे, गूळ, सुरण, कणगी, नीरफणस, अळू यांतही ते भरपूर. भाजी सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्यावे आणि मग फोडणी द्यावी. पुष्कळ पोटॅशियम पाण्याबरोबर जाते. भाजीचे पाणी फेकू नये असे आपल्या आयांनी शिकविले, ते निरोग्यासाठी योग्यच होते. बाजारात 'कमी सोडियमचे' म्हणून जे मीठ मिळते त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. डायलिसिसवरील माणसासाठी ते सरळ विषासमान. सैंधवाचेही उगाच कौतुक नको, तेही मीठच.

आणि करमल. आपल्या परसातील हे पाच धारांचे आंबट फळ, ज्याला मराठीत करंबळ म्हणतात, त्याचेच नाव पोर्तुगीजांनी उचलून कारांबोला केले आणि ते जगभर नेले. गार्सिया द ऑर्ता यांनी १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याची दखल घेतली आहे. निरोगी माणूस ते मिठाबरोबर खुशाल खातो. परंतु मूत्रपिंडे निकामी असलेल्या माणसास ते मेंदूचे विष ठरते: न थांबणारी उचकी, ओकारी, भ्रम, झटके आणि कित्येकदा मृत्यू. ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली त्यातील विष वेगळे काढून त्याला कारांबॉक्सिन हे नाव दिले. त्याचे सख्खे भावंड बिंबल. त्याचा रस औषध म्हणून पेलाभर प्याल्याने चांगली मूत्रपिंडे बंद पडल्याची उदाहरणे केरळातील डॉक्टरांनी नोंदविली आहेत. हुमणातील आंबटपणासाठी आपले सोल पुरेसे आहे.

आता हृदयाच्या शस्त्रक्रियेकडे येतो. अरुंद झालेल्या हृदयरोहिणीला वळसा घालून नवी वाट काढण्याची बायपास शस्त्रक्रिया १९६७ साली क्लीव्हलंड येथे रेने फावालोरो यांनी रूढ केली. भारतात ती प्रथम १९७५ साली मद्रासच्या पेरांबूर येथील रेल्वे इस्पितळात डॉ. के. एम. चेरियन यांनी केली. आज ती सर्रास होते. परंतु डायलिसिसवरील माणसासाठी ती सर्रास नाही, हे घरच्यांनी आधी समजून घ्यावे. रोहिणीत चुना असल्यामुळे टाका घालणे अवघड, रक्त लवकर गोठत नाही, महारोहिणीवरील चुन्याचा कण सुटून मेंदूत गेला तर अर्धांगाचे भय, छातीचे हाड सांधावयास वेळ, जंतूंना दारे उघडी.

आकडे सांगतो, कारण आकडे न सांगता धीर देणे हे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. २००२ साली हर्झॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील डायलिसिस-रुग्णांचा मोठा हिशेब प्रसिद्ध केला. बायपासनंतर इस्पितळातच दगावलेले ८.६ टक्के; स्टेंट घातलेल्यांत हेच प्रमाण ४.१ टक्के. म्हणजे आरंभी बायपास अधिक धोक्याची. पण दोन वर्षांनी पाहिले तर बायपासवाल्यांपैकी ५६ टक्के हयात होते आणि स्टेंटवाल्यांपैकी ४८ टक्के. जो पहिला महिना तरून गेला त्याला बायपासने पुढे अधिक दिले. हा हिशेब जुना आहे आणि तो नोंदींवरून काढलेला. कोणाला काय करावे हे त्या वेळच्या डॉक्टरांनी रुग्ण पाहून ठरविले होते, तेव्हा दोन्ही गट सारखे होते असे मानता येत नाही.

त्यानंतर २०२० साली एक रीतसर चाचणी प्रसिद्ध झाली. मूत्रपिंडे फार बिघडलेली आणि हृदयास रक्त कमी पडते असे तपासणीत दिसलेले ७७७ रुग्ण, त्यांतील निम्म्याहून थोडे अधिक डायलिसिसवर. अर्ध्यांना औषधे, अर्ध्यांना औषधांबरोबर लगेच हृदयरोहिणीची तपासणी आणि जरूर तर स्टेंट वा बायपास. तीन वर्षांत मृत्यू किंवा झटका आलेल्यांचे प्रमाण दोन्हीकडे सुमारे ३६ टक्के, फरक नाही. उलट लगेच हात घातलेल्यांत मेंदूचा झटका अधिक. मात्र ज्यांना छातीतले दुखणे असह्य आहे, ज्यांना नुकताच झटका येऊन गेला आहे, ज्यांचे हृदय फारच दुबळे झाले आहे, असे लोक त्या चाचणीत नव्हते. तेव्हा दुखणे नसताना केवळ तपासणीच्या कागदावरून घाबरून जाऊन शस्त्रक्रिया मागू नये, आणि दुखण्याने दोन पावले चालवत नसताना या चाचणीचे नाव सांगून ती नाकारूही नये. झडपेची गोष्ट निराळी. चुन्याने आवळलेल्या झडपेवर औषध चालत नाही.

मग अन्नाचा संबंध कोठे? १९९९ साली बॉस्टनच्या शल्यविशारदांनी हृदयाच्या शस्त्रक्रिया झालेल्या ५,१६८ रुग्णांचा अभ्यास मांडला. ते सर्व डायलिसिसवरचे नव्हते. त्यांतही जे फार कृश होते आणि ज्यांचे आल्ब्युमिन २.५ च्या खाली होते त्यांच्यात मृत्यू अधिक झाले. शस्त्रक्रियेनंतर शरीराला जखम भरावयाची असते, जंतूंशी लढावयाचे असते, छातीचे हाड सांधावयाचे असते. हे सारे सामान प्रथिनांचे. घरात साठा नसेल तर शरीर ते हातापायांच्या स्नायूंतून आणि श्वासाच्या स्नायूंतून काढते. ज्याचा श्वासाचा स्नायूच झिजला तो कृत्रिम श्वासाच्या यंत्रावरून लवकर सुटत नाही, आणि यंत्रावर राहिलेल्याला फुप्फुसाचा दाह गाठतो. दुष्टचक्र म्हणतात ते हेच.

दादांच्या तीन रोहिण्या अरुंद निघाल्या आणि जिना चढताना छातीत दुखे. शल्यविशारदांनी त्यांचे दंड चाचपून पाहिले, कागद पाहिला, आल्ब्युमिन २.८. ते म्हणाले, "दुखणे औषधांनी आवरते आहे, तोवर यांना खायला घाला. आज टेबलावर घेतले तर माझे काम चांगले होईल, पण यांचे होणार नाही." चार महिने मिळाले. जुना कागद भिंतीवरून काढला. आहारतज्ज्ञ बाईंनी नवा लिहून दिला. मी कारकून माणूस. रकाने आखून वही केली: तारीख, यंत्रापूर्वीचे वजन, यंत्रानंतरचे वजन, लघवी, प्यालेले सर्व पातळ, खाल्लेली प्रथिने. वहिनींनी सकाळी दोन अंड्यांचा पांढरा, दुपारी मासळीच्या दोन तुकड्या, रात्री वरण वा पनीर असा क्रम लावला. डायलिसिस चालू असताना रक्तदाब टिकत असेल तर थोडे खाण्यास डॉक्टरांनी मुभा दिली. हिरड्यांतील पू काढून घेतला. पहिल्या महिन्यात आकडा हललाच नाही. वहिनी रडकुंडीस आल्या. चौथ्या महिन्याच्या अखेरीस ३.५ झाला आणि पाणी काढल्यानंतरचे कोरडे वजन ४७ वरून ५० किलोवर आले. यांतले किती अन्नाने आणि किती दातांच्या उपचाराने, ते मला सांगता येणार नाही. शस्त्रक्रिया झाली, सोळाव्या दिवशी दादा घरी आले. त्यानंतर तीन वर्षे ते डायलिसिसवर राहिले, जिना चढले, दोन पालख्यांना उभे राहिले. पुढे रक्तात जंतू होऊन ते गेले; हृदयाने नव्हे.

ज्यांच्या घरी हा प्रसंग येऊ घातला आहे त्यांच्यासाठी काही बारीकसारीक. फिस्च्युला कोणत्या हाताला आहे हे शल्यविशारदांना आवर्जून सांगावे. छातीतील डावी रोहिणी बायपाससाठी वापरतात आणि फिस्च्युला त्याच बाजूस असला तर यंत्र चालताना हृदयाकडे जाणारे रक्त क्वचित हाताकडे ओढले जाते. त्या हाताला रक्तदाबाचा पट्टा वा सुई लावू देऊ नये; इस्पितळात रोज नवी परिचारिका येते, तेव्हा घरच्याने जवळ राहून रोज सांगावे. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी बहुधा डायलिसिस होते. नंतर चार-सहा दिवस रुग्णाला अन्न नकोसे होते, आणि नेमक्या त्या दिवसांत इस्पितळाचे पथ्याचे ताट अळणी वरणभाताचे येते. जो दोन घासच खातो त्याच्या बाबतीत फॉस्फरसची कडक बंधने काही दिवस सैल करता येतील काय, हे डॉक्टरांना विचारावे. बहुधा ते हो म्हणतात. पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. तोंडाने जाईनासे झाले तर नाकातून नळी घालण्यास घरच्यांनी हट्टाने विरोध करू नये.

शेवटी समितीपुढे एक विनंती ठेवतो. जत्रेच्या महाप्रसादाला आपले हे रुग्ण येतात, पंगतीला बसतात आणि एक तर काहीच खात नाहीत किंवा सारेच खातात. आपल्या खतखत्यात कंद, कच्ची केळी, गूळ असे सारे एकत्र. त्या एका वाटीवर त्यांचा दिवसाचा कोटा संपतो. रांधप्यांना सांगून एका लहान टोपात उकडून पाणी ओतलेली, मीठ कमी घातलेली भाजी, घट्ट वरण आणि निथळलेला भात वेगळा काढता येईल. खर्च नगण्य आहे. प्रसादाची चिमूट आणि तीर्थाचे दोन थेंब कोणाला बाधत नाहीत. बाधतो तो आग्रह. वाढप्यांनी या पानांवर आग्रह करू नये, एवढी सूचना पंगतीच्या आरंभी द्यावी. रुग्णांची नावे जाहीर पुकारण्याची आवश्यकता नाही. ज्यांना हवे त्यांनी आदल्या दिवशी कचेरीत सांगावे. वहीचे रकाने आखलेला एक नमुना मी कचेरीत ठेवलेला आहे. ज्याला हवा त्याने तो उतरवून घ्यावा.